वाऱ्याकडची बाजू

आमच्या दादाला चालताना समोर बघायची सवय कधीच नव्हती. भर रस्त्यातसुद्धा मान वर. त्यापायी तो विजेच्या खांबांना धडकला आहे, उघड्या गटारात गुडघ्यापर्यंत पाय घालून घरी आला आहे. माझ्या लग्नात मुलाकडची मंडळी दारात येऊन उभी राहिली, तर हा त्यांच्या डोक्यांवरून पलीकडच्या झाडाचा शेंडा निरखत होता. हा माणूस गर्विष्ठ आहे, असं माझ्या सासूबाईंनी तेव्हाच ठरवून टाकलं आणि शेवटपर्यंत काही मत बदललं नाही. तो गर्विष्ठ नव्हता. तो वनरक्षक होता. गावात त्याला आभाळबघ्या म्हणत, आणि तोंडावर म्हणत, कारण त्याला त्याचं काही वाटत नसे.

वर बघणं हा त्याच्या कामाचाच भाग होता. लोकांना वाटतं, वनरक्षक म्हणजे झाडं राखणारा. राखणं आहेच. पण निम्मं काम आहे ते कोणतं झाड काढायचं हे ठरवणं. रोपं लावताना मुद्दाम दाटीनं लावतात, म्हणजे ती उजेडासाठी चढाओढ करत सरळ वाढतात. पुढे शेंडे एकमेकांना लागले, की मधली काही झाडं काढून बाकीच्यांना जागा करून द्यायची. याला ते विरळणी म्हणतात. ती वेळेवर झाली नाही तर सगळीच झाडं उंच होतात आणि सगळीच काडीसारखी राहतात. कोणतं काढायचं हे खोडाकडे बघून कळत नाही, वर कुणाला किती जागा मिळाली आहे ते बघावं लागतं. हे मला पाठ आहे, कारण जेवताना, झोपताना, माझ्या दुकानात शिवणयंत्राशेजारी बसून त्याने मला हेच सांगितलं आहे. मी शिंपीण. मला झाडाचं लाकूड कपाटापुरतंच कळतं.

काढायच्या झाडावर शिक्का मारायचा असतो. त्यासाठी एक हातोडा असतो. एका बाजूला धार, तिनं साल तासायची. दुसऱ्या बाजूला खात्याचा शिक्का, तो उघड्या लाकडावर ठोकायचा. एक छातीच्या उंचीवर आणि एक अगदी बुंध्याशी, म्हणजे झाड कापून नेल्यावरही खुंटावर खूण राहते, की हे चोरीचं नाही, सरकारनं काढलं आहे. तो हातोडा दुसऱ्याच्या हातात जाता कामा नये असा नियम. त्यामुळे तो रोज दादाच्या उशाशी, कुलूपबंद पेटीत. वहिनी त्याला 'माझी सवत' म्हणायची. "तिला कुलपात ठेवतात, आणि मला चुलीपुढे," असं पाहुण्यांसमोर सांगायची आणि स्वतःच सगळ्यात मोठ्यानं हसायची.

वहिनी रोपवाटिकेत कामाला होती. पिशव्यांत माती भरायची, बी टोचायची, पाणी घालायचं. दोघांची ओळख झाली ती भांडणातूनच. लागवडीसाठी रोपं न्यायला दादा गेला आणि वाकडी, किडकी, आखूड रोपं बाजूला काढायला लागला. वहिनी मातीच्या हातांनीच उठून उभी राहिली. "माझी रोपं बाद करणारा तू कोण?" हे तिचं त्याच्याशी पहिलं वाक्य. पुढे लग्न झालं तरी ते भांडण काही मिटलं नाही. त्यानं बाद केलेली रोपं ती घरी आणायची आणि फुटक्या डब्यांत, जुन्या बादल्यांत लावायची. वनचौकीच्या मागे त्यांची दोन खोल्यांची क्वार्टर होती. तिच्या दारात पाऊल टाकायचं तर आधी या बाद मंडळींना वळसा घालावा लागे. दादा कपाळाला हात लावायचा आणि येता-जाता त्यांना पाणी घालायचा.

गावाच्या वर एक उतार आहे. एके काळी तिथे दगडाची खाण होती. खाण बंद पडली आणि सरकारी जमीन म्हणून ती नुसतीच उघडी पडून राहिली. वारा सुटला की तिथली धूळ उडून थेट आमच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर. शेवटी ती जमीन वनखात्याकडे आली आणि तिथे साग लावायचं ठरलं. दादा तेव्हा नोकरीत नवा होता. रोपं वहिनीच्या वाफ्यातली, आणि खड्ड्यात ठेवणारे हात बहुतेक तिचेच. माती अगदी वरवरची, टिकाव दोनदा मारला की खाली कातळ लागायचा. लोक म्हणाले, दगडावर साग लावताहेत, पगार जास्त झालाय यांना.

पण साग लागला. चांगला लागला. काही वर्षांत तो उतार हिरवा झाला, धूळ बसली, आणि गावानं तो आपलाच मानला. बायका वाळकी काटकी वेचायला जात, तेवढी मुभा होती. सकाळी फिरायला जाणाऱ्यांची एक टोळी तयार झाली. तिचे म्होरके दवाखान्यातले कंपाउंडर. त्यांना स्वतःला गुडघेदुखी, पण चालण्याचे फायदे सगळ्या गावाला ते सांगायचे. दादाची मुलगी तर तिथेच वाढली. एका जागी पाय ठरायचा नाही म्हणून तिचं नाव भिंगरी पडलं. सागाचं कोवळं पान चुरगळलं की हात लाल होतात. तसे लाल हात घेऊन ती आईपुढे येऊन रडण्याचं सोंग करायची, आणि वहिनी दर वेळी घाबरल्याचं सोंग करायची.

मग त्या उतारावरच्या पहिल्या विरळणीची वेळ आली. त्याच वर्षी वहिनी आजारी पडली. आधी नुसता खोकला, मग दम, मग दवाखान्याच्या फेऱ्या. बरं वाटेल त्या दिवशी ती हळूहळू उतारावर जाऊन बसायची. एके दिवशी दादा हातोडा घेऊन वर गेला आणि दुपारच्या आत परत आला. मी त्यांच्याकडेच होते.

"झालं?" मी विचारलं.

"अजून वेळ आहे त्यांना," तो म्हणाला.

मी काही झाडांतली जाणकार नव्हे, पण त्या उतारावर दोन माणसं शेजारी शेजारी चालू शकत नव्हती एवढं मलाही दिसत होतं. मी गप्प बसले. वहिनी गेली. पुढच्या वर्षीही वेळ आली नाही, त्याच्या पुढच्याही नाही. साहेब लोक विचारायचे, दादा सांगायचा, अजून लवकर आहे. आणि ते मानायचे, कारण अख्ख्या विभागात विरळणीची झाडं दादाइतकी चोख कुणी निवडत नव्हतं. बाकीचं सगळं जंगल त्यानं वेळच्या वेळी विरळ केलं. फक्त तिच्या हातच्या झाडांपुढे त्याचा हात उचलत नव्हता. मला यात तेव्हा काही चूक वाटली नाही. उलट भावाचा थोडा अभिमानच वाटला.

वर्षं गेली. भिंगरी गावातल्या शाळेत लहान मुलांना शिकवायला लागली. दादाचे केस पांढरे झाले. आणि मग वनखात्यात नव्या मॅडम आल्या. वयानं भिंगरीपेक्षा थोड्याच मोठ्या. पहिल्याच आठवड्यात त्या उतारावर गेल्या, दादा बरोबर. मी काटकी आणायला गेले होते म्हणून पाहिलं. दोघांच्याही माना वर. मला हसू आलं, म्हटलं, चला, आभाळबघ्याला जोडीदार मिळाली.

"काका," मॅडम म्हणाल्या, "हे कधीच व्हायला हवं होतं."

"हो, मॅडम," दादा म्हणाला. एवढंच. सबब सांगितली नाही.

त्यांनी रागावणं अपेक्षित होतं, पण त्या रागावल्या नाहीत. उशीर झाला आहे तर आता घाई नको, सगळ्या उतारावर थोडी थोडी झाडं काढू, मग एक-दोन वर्षं थांबू, मग परत थोडी, असं त्यांनी ठरवलं. दादाला ते पटलं. घरी येऊन मला म्हणाला, "बाई हुशार आहे." दादाच्या तोंडून साहेबवर्गाबद्दल असं काही मी पहिल्यांदाच ऐकलं.

त्यानं हातोडा काढला आणि झाडांवर शिक्के मारायला सुरुवात केली. आता सालीवर तासलेली पांढरी जागा लांबूनही दिसते. सकाळच्या टोळीला ती दिसली आणि गावात आग लागल्यासारखं झालं. सरकार आमचं जंगल कापतंय! कंपाउंडर गुडघे विसरून घरोघर फिरले. आणि सगळ्यांच्या पुढे कोण, तर आमची भिंगरी. शाळेतल्या मुलांच्या रंगीत दोऱ्या नेऊन तिनं शिक्क्याच्या झाडांना बांधल्या.

त्या संध्याकाळी मी त्यांच्याकडे होते, हे माझं दुर्दैव. ती आत आली, चपला न काढता.

"आईनं लावलेली झाडं आहेत ती."

"माहीत आहे मला," दादा म्हणाला.

"मग हात कसा उचलला तुमचा?"

आता इथे तो सांगू शकला असता. की बाई गं, हात उचलला नाही म्हणून तर ही वेळ आली. पण दादा असा माणूस, की दुसऱ्याच्या झाडावर तासभर बोलेल आणि स्वतःबद्दल विचारलं की तोंडाला कुलूप. तो म्हणाला, "काढावी लागतात काही." झालं! भिंगरीनं अबोला धरला.

दोन खोल्यांत अबोला म्हणजे काय हे ज्यानं पाहिलं नाही त्याला सांगून कळायचं नाही. तो हाताच्या अंतरावर बसलेला असायचा आणि ती मला म्हणायची, "आत्या, त्यांना सांग चहा झाला." मी म्हणायचे, तू सांग की, जीभ झडली का तुझी. ती कप आपटून ठेवायची. शेवटी कपडे भरून ती माझ्याकडे राहायला आली, दुकानाच्या मागच्या खोलीत. मग दादाच्या शर्टांची बटणं तुटायला लागली. आज एक, परवा दोन. दुकानात यायचा, काउंटरवर शर्ट ठेवायचा आणि मागच्या दाराकडे बघत बसायचा. बटणं ओढून तोडलेली होती, दोऱ्याला सगळं दिसतं. मी शिवून द्यायचे. भिंगरी घरात असली तरी बाहेर यायची नाही. त्याला ऐकू जाईल अशी भांडी मात्र वाजवायची.

असं सगळं उन्हाळाभर चाललं. माणूस वाळला. जेवणावरचं लक्ष उडालं. मी एकदा भिंगरीला झापलं, "बाप आहे तो, झाडाचा ओंडका नाही." ती म्हणाली, "आत्या, मला त्यांच्याकडे बघितलं की तो हातोडाच दिसतो." तीही रात्री उशीत तोंड घालून रडत होती. दोघंही एका नमुन्याची, त्याला कोण काय करणार.

शेवटी मॅडमनी सगळ्यांना कचेरीच्या अंगणात बोलावलं. बाकडी कमी पडली, निम्मं गाव उभं होतं. मॅडमनी समजावून सांगितलं, दाटी म्हणजे काय, उशीर झाल्यानं काय होतं. लोक ऐकत होते, पण ऐकायला आलेले नव्हते. भिंगरी बोलली, चांगली बोलली. आवाज कापत होता तरी थांबली नाही. एकही झाड नको, असं तिचं म्हणणं. मॅडमवर वरच्या कचेरीचा दट्ट्या होता, की काम या हंगामात पुरं झालंच पाहिजे. मग कंपाउंडर उठले आणि त्यांनी तोडगा काढला. गावाकडची बाजू, जिथे लोक फिरतात, तिला हातच लावू नका. जी काही झाडं काढायची ती पलीकडच्या बाजूची काढा. तिकडे कुणी जातं का? सगळ्यांनी माना डोलावल्या. काय सुटसुटीत तोडगा! मलाही पटला.

मॅडमना पटलेला दिसत नव्हता. त्या दादाकडे वळल्या. "काका, तुम्ही इथले. पलीकडची बाजू एकदम एवढी मोकळी केली, तर चालेल?"

दादा मान वर करून उताराकडे बघत राहिला. मग बाकड्यांच्या मधून भिंगरी पुढे आली आणि किती महिन्यांनी त्याच्याकडे सरळ बघून म्हणाली, "बाबा, सांगा ना."

दादानं तिच्याकडे पाहिलं.

"चालेल," तो म्हणाला.

त्याच संध्याकाळी भिंगरी आपली पिशवी उचलून घरी गेली. मी मुद्दाम मागून गेले, बघायला. दोघं ओट्याशी उभी होती. ती कांदा चिरत होती, शाळेतल्या कुठल्या तरी पोरानं नाकात मणी घातला त्याची गोष्ट सांगत होती, आणि दादा असा हसत होता की त्याला डोळे पुसावे लागत होते. कांद्यामुळे, तो म्हणाला. पुढचे महिने त्या घरात सणच होता म्हणायला हरकत नाही. बटणं तुटायची थांबली. तो अंगानं भरला. भिंगरी त्याच्या डब्यात चिठ्ठी घालायची, "सगळं खा." पलीकडची बरीच झाडं कापली गेली, बल्ल्यांचे ट्रक भरून डेपोत गेले, गावाकडची बाजू होती तशी राहिली. सकाळची टोळी खूश. मी म्हटलं, चला, सगळ्यांचं भलं झालं.

एके दुपारी वारा सुटला. तसा दर वर्षी सुटतो, पण हा तसा नव्हता. मी दुकानाचं शटर ओढत होते आणि ते माझ्या हातातून परत वर जात होतं. समोरच्या लोहाराच्या छपराचा पत्रा रस्त्यावरून खडखडत गेला. वरून, उताराकडून, एक आवाज येत होता, सलग, कुणी जाड कापड फाडत सुटल्यासारखा. वारा पडल्यावर सगळं गाव तिकडे धावलं. आम्हीही.

गावाकडची बाजू उभी होती. काही फांद्या मोडल्या होत्या, बस. तिच्यातून पलीकडे गेलो आणि पुढे एकही झाड उभं नव्हतं. कापायची ठेवलेली सगळी आडवी, एकाच दिशेला पडलेली, मुळांसकट. मुळं म्हणजे चपट्या थाळ्या, आणि त्यांना चिकटून वर आलेले खाणीतले दगड. दादा त्या खोडांमधून चालत होता. एकेका मुळापाशी थांबायचा, हात लावायचा, पुढे जायचा.

भिंगरी रडत होती आणि संतापलेली होती. "बघितलंत? ज्या बाजूला कापली तीच पडली. आमच्या बाजूचं एकसुद्धा पडलं नाही. कापलीच नसती तर सगळी उभी राहिली असती!"

डोळ्यांसमोर दिसत होतं. गावानं तेच उचललं. मॅडमनी हट्टानं झाडं कापली, नव्या आहेत, काही कळत नाही, त्यांच्यामुळे जंगल गेलं. कंपाउंडर आपणच तोडगा काढला होता हे साफ विसरले. तक्रारी वर गेल्या आणि मोठे साहेब चौकशीला येणार असं ठरलं. मॅडमना घरी बसवतील अशी बातमी होती.

दादा माझ्याकडे आला. या वेळी शर्ट न घेता. यंत्राशेजारच्या स्टुलावर बसला आणि म्हणाला, "ती वाऱ्याकडची बाजू आहे."

"म्हणजे?"

मग त्यानं सांगितलं. दाटीत वाढलेलं झाड उंच होतं, पण स्वतःच्या पायावर उभं राहायला शिकत नाही. शेजाऱ्यांच्या आधारानं उभं असतं. एकदम शेजारी काढून घेतले तर ते पहिल्या मोठ्या वाऱ्याला पडतं, आणि खाली कातळ असला तर पडणारच. म्हणून मॅडम थोडी थोडी काढायची म्हणत होत्या. आणि वारा येतो तो पलीकडून. गावाकडची झाडं उभी राहिली ती पलीकडची पुढे होती म्हणून.

"हे तुला तेव्हा माहीत होतं?"

"मला नाही तर कुणाला माहीत असणार?"

मी हातातलं कापड खाली ठेवलं. मला सगळं कळलं, कारण अंगणात मी होते. "हे बघ दादा," मी म्हटलं, "तू आता गप्प बसायचं. निवृत्ती तोंडावर आली आहे. मॅडम तरुण आहेत, फार तर बदली होईल, पुढे अख्खं आयुष्य पडलंय त्यांना." मी असंच म्हटलं. माझा भाऊ तो, मॅडम माझ्या कोण?

"मी खरं सांगितलं तर तिला कळेल ना," तो म्हणाला.

"मॅडमना?"

"भिंगरीला. मी 'चालेल' का म्हणालो ते."

त्याला नोकरीची फिकीरच नव्हती. मला आपल्या भावाची एवढी कीव कधी आली नव्हती, आणि एवढा रागही. बोलला तर पोरीच्या डोक्यावर अख्खं जंगल पडणार, की माझ्या एका 'सांगा ना'साठी बाबांनी हे केलं. नाही बोलला तर जिनं अचूक सांगितलं होतं ती बाई फुकट मरणार. "मग काय करणार?" मी विचारलं. तो उठून गेला.

मोठे साहेब आले तेव्हा उतारावरच सगळ्यांना जमवलं. टेबल-खुर्ची वर आणायची सोय नव्हती, ते एका पडलेल्या खोडावर बसले. शेजारी लेखनिक मांडीवर कागद घेऊन. साहेबांनी मॅडमना विचारलं, एका बाजूची एवढी झाडं एकदम काढायचं कुणी ठरवलं?

आता मॅडम सांगू शकल्या असत्या, की माझ्या वनरक्षकाला विचारलं, तो हो म्हणाला. निम्म्या गावानं ऐकलं होतं. त्या म्हणाल्या, "निर्णय माझा होता, सर."

दादा गर्दीतून पुढे झाला. मी त्याची बाही धरली होती, ती त्यानं सोडवली.

"साहेब, मॅडमनी मला विचारलं होतं. मी चालेल म्हणालो. चालणार नाही हे मला माहीत होतं."

मग त्यानं सगळं सांगितलं, माझ्या दुकानात सांगितलं होतं तसंच, कातळ, दाटी, वारा. त्याच्याही मागे गेला. पहिली विरळणी करायची होती तेव्हा बायको आजारी होती, रोपं तिच्या हातची होती, पुढे ती गेली, मग वर्षानुवर्षं मी 'लवकर आहे' असं खोटंच सांगत राहिलो. वेळेवर केली असती तर आज हा वारा झाडांनी झेलला असता. दादा एका दमात एवढं स्वतःबद्दल बोललेला मी जन्मात ऐकला नव्हता.

मोठ्या साहेबांनी लेखनिकाचं लिहून होऊ दिलं. मग म्हणाले, "उशिराचं समजलं. पण मॅडमनी सरळ विचारल्यावर, माहीत असूनही 'चालेल' का म्हणालात?"

दादानं भिंगरीकडे पाहिलं नाही. साहेबांकडेच बघत म्हणाला,

"मुलगी माझ्याशी बोलत नव्हती, साहेब. त्या दिवशी बोलली."

लेखनिकानं मान वर केली. हे लिहायचं का, असं त्यानं नजरेनंच साहेबांना विचारलं. गर्दीत मागे कुणीतरी हसलं, आणि कंपाउंडरांनी, हे मात्र त्यांच्या नावावर लिहून ठेवायला हवं, त्याला गप्प केलं.

मॅडम राहिल्या. दादाचा हातोडा काढून घेतला, ठपका ठेवला आणि निवृत्तीपर्यंत त्याला रोपवाटिकेत बसवलं. पण हे नंतरचं. त्या दिवशी आम्ही तिघं उतारावरून खाली निघालो, पुढे दादा, मागे मी, आणि बऱ्याच मागे भिंगरी. ती एक शब्द बोलली नव्हती. मला वाटलं, झालं, पुन्हा अबोला, आणि या वेळी जन्माचा. घराच्या वळणावर ती भराभर चालत पुढे आली आणि त्याच्या समोर उभी राहिली. नाक लाल झालं होतं.

"बाबा, त्या दिवशी तुम्ही 'नाही' म्हणाला असतात ना, तर मी आजसुद्धा तुमच्याशी बोलत नसते."

मला तिच्या तोंडावर हात ठेवावासा वाटला. कार्टीला काय बोलावं, कधी बोलावं याची अक्कल नाही. पण ती त्याच्याकडे बघत होती, आणि खरं तेच बोलत होती.

"माहीत आहे," दादा म्हणाला.

"तरी म्हणायला हवं होतं."

"हो," तो म्हणाला. "तरी म्हणायला हवं होतं."